धावता उतार

ट्राम भायखळ्याहून सुटली आणि केसरच्या मांडीवरचा पितळी रूळ उतारावर मधेच थांबला. झालं ते एवढंच. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं झालं असतं तर त्यानं रूळ पिशवीत टाकला असता आणि रस्त्यावरची गंमत बघत बसला असता. पण केसर परळच्या एका मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायची, आणि तिच्या मांडीवर होती ती शाळेचीच उतरती फळी. बिजागरी मोडली होती, ती सुताराकडून बसवून घेऊन केसर परत चालली होती. आता सुतारानं नीट बसवली की नुसतीच ठोकून दिली ते बघायला नको? म्हणून फळीचं उंच टोक पोटाशी धरून, उतरतं टोक ट्राम जाते त्या दिशेला, समोरच्या बाकाकडे करून तिनं रूळ वर ठेवला आणि सोडला. रूळ गडगडत निघाला. तेवढ्यात घंटा वाजली, ट्रामनं पुढं हिसका घेतला, आणि रूळ थांबला. वर गेला नाही, खाली आला नाही. उतारावर, कुणी न धरता, गुमान उभा राहिला. मग ट्रामनं वेग धरला, हिसका सरला, आणि रूळ पुन्हा आपला गडगडत जाऊन समोरच्या शेठजींच्या पायावर पडला. 'संभाळो ने, बेन!' शेठजी कळवळून म्हणाले. केसरनं त्यांच्याकडे बघितलं, पण ते तिला दिसले नाहीत.

उतार स्वतःच पळायला लागला तर? एवढा साधा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता. पुस्तकातले सगळे उतार जमिनीला खिळे ठोकून बसवलेले. त्यांच्यावर ठोकळा ठेवायचा, वजनाचा बाण खाली काढायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, एक उताराच्या बाजूनं, एक उताराच्या पोटात. 'घर्षण नगण्य माना.' मुली मानायच्या. सात वर्षं केसरनं हे पाढ्यांसारखं म्हणून घेतलं होतं आणि मुलींनी पाढ्यांसारखं म्हटलं होतं, आणि मार्च महिन्यात सगळं पेपरात उतरवून दोन्ही पक्ष मोकळे. आणि इथे भर रस्त्यात, भायखळ्याच्या ट्राममध्ये, ते खरं निघालं. म्हणजे काय, फळीनं रुळाला पुढं ढकललं. ट्राम जेवढ्या घाईनं पुढं निघाली तेवढी घाई त्या उताराला अगदी पुरली, म्हणून रूळ खाली येऊ शकला नाही. घाई थोडी जास्त असती तर रूळ उलटा तिच्या पोटाकडे चढला असता! चढला असता! ती तोंडावर हात ठेवून हसली. परळ केव्हाच मागं पडलं होतं, आणि दादरला ट्रामच संपत होती. कंडक्टरनं येऊन सांगितलं, 'बाई, उतरा आता, गाडी परत फिरते.' त्या रात्री होस्टेलच्या खोलीत तिनं जेवण तसंच ठेवलं आणि रद्दीतल्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर धावते उतार काढले. पुढं पळणारे, मागं पळणारे, वर उचलले जाणारे, आणि शेवटी, गंमत म्हणून, सरळ खाली कोसळणारे. तिच्या खोलीत राहणारी रतन टेलिफोन कंपनीत होती. ती म्हणाली, 'केसर, डोळे बघ तुझे. ताप आलाय का?' केसरला सांगावंसं वाटत होतं, ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण सांगायचं काय? एक रूळ थांबला?

तरी तिनं सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत तिचे वडील भागोजी मुंबईला आले, वाडीसाठी पाण्याचं इंजिन घ्यायला. श्रीवर्धनला त्यांची सुपारीची वाडी होती आणि आजोबांच्या आजोबांपासून ती रहाटावर भिजत होती. बैल फिरायचा, गाडगी वर यायची, पाटातून पाणी झाडाझाडापाशी जायचं. रहाटाचा तो कुरकुर आवाज केसरच्या कानात इतका मुरला होता की होस्टेलचा पंखा कुरकुरला की तिला घरी असल्यासारखं वाटायचं. आता इंजिन येणार म्हणून बाबा नुसते फुलून गेले होते. दुकानात त्यांनी त्याच्या काळ्या अंगावरून हात फिरवला, चाकाला कान लावला, जणू गाभण म्हैस विकत घेत होते. मग बापलेक आणि इंजिन, तिघंही श्रीवर्धनजवळच्या दिघीला जाणाऱ्या शिडाच्या पडावात बसली. पडावावर, समुद्र अगदी शांत असताना, केसरनं बाबांना रुळाची गोष्ट सांगितली. बाबांनी नीट ऐकून घेतली. 'थांबला रूळ,' ते म्हणाले. 'बरं. मग?' बाबा वाईट माणूस नव्हते. लेकीनं लग्न केलं नाही तेव्हा आई महिनाभर रडली, बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. पण ती काय शिकवते हेही त्यांनी कधी विचारलं नाही. गावात कुणी चौकशी केली तर म्हणत, 'हाय मुंबैला, शाळेत हाय,' आणि विषय सुपारीच्या भावावर नेत. केसर पडावाच्या कडेला हात टेकून बसली. तिला राग आला होता आणि रागवावं असं कुणी काही केलं नव्हतं.

दिघीच्या बंदरावर इंजिन लॉरीत चढवलं ते धर्माजीनं आणि त्याच्या माणसांनी. धर्माजी कोळी, उभा जन्म होड्या लोटण्यात गेलेला. होडी पाण्यात लोटायची तर तिच्याखाली फळ्या घालायच्या, फळ्यांना माशाचं तेल चोपडायचं आणि 'हैसा' म्हणत दोर ओढायचा. त्याला एवढं एकच काम येत होतं आणि ते फार सुरेख येत होतं. इंजिन त्यानं होडीसारखंच घेतलं. ते दोन जाड तुळयांवर नटबोल्टानं घट्ट बसवलेलं होतं. धक्क्यापासून लॉरीपर्यंत फळ्या घातल्या, त्यावर तेल, तुळयांना खालून तेल, आणि आठ माणसांनी हां हां म्हणता ते धूड लॉरीत नेऊन ठेवलं, ड्रायव्हरच्या पाठीमागे टेकवून. फळ्या तशाच लॉरीत, इंजिनाखाली, राहू दिल्या. 'श्रीवर्धनला उतरवताना लागतील न्हवं? तेल आयतंच हाय,' धर्माजी म्हणाला, आणि काथ्याच्या दोरानं इंजिन बांधलं. हात तेलाचे, दोर तेलाचा. केसर तिथंच उभी होती. तिनं पुढं होऊन फळीवर बोट ठेवलं, बोट सुर्रकन सरकलं, आणि तिला इतका आनंद झाला की काय सांगावं. घर्षण नगण्य माना! आयुष्यभर फळ्यावर लिहिलं ते वाक्य, आणि अशी फळी तिनं आज पहिल्यांदा बघितली. ती वास घेत, बोट घासत उभी राहिली. या फळ्या लॉरीच्या पोटात राहणार आणि पुढं चढ आहे, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. कुणाच्याच आलं नाही. दर्यावरच्या माणसांना वस्तू चालती करायची असते, उभी कशाला करायची?

लॉरी खलीलची. त्याचे वडील अब्दुस्समद आणि बाबा जुने दोस्त, सुपारीच्या व्यापारातले. लहानपणी ईदला त्यांच्या घरून केसरकडे शिरखुर्म्याचं भांडं यायचं आणि रिकामं परत पाठवायचं नाही म्हणून आई त्यात ओल्या सुपाऱ्या घालायची. खलीलनं केसरला पुढं बसवलं. 'काका, तुम्ही पण पुढंच या, जागा हाय,' तो म्हणाला. पण बाबा कसले ऐकतात! ते मागं, लॉरी मागून बंद करणाऱ्या फळकुटाला पाठ लावून, इंजिनाकडे तोंड करून बसले. 'माझ्या नजरेसमोर ऱ्हाऊ दे,' म्हणाले. शेजारी धर्माजी. लॉरी निघाली. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात. केसर खिडकीतून बघत होती आणि बघताबघता तिला सगळीकडे उतारच दिसायला लागले. बांधाचा उतार, कौलांचा उतार, भाऱ्याखाली वाकलेल्या बाईच्या पाठीचा उतार. जगात सपाट असं काही नाहीच की काय! लॉरीनं वळण घेतलं की तिचा खांदा दाराला लागे, आणि ती मनात म्हणे, मला कुणी ढकललं नाही, दारच माझ्याकडे आलं. तिला एकटीलाच हसू येत होतं. खलील तिरक्या नजरेनं बघून म्हणाला, 'ताई, मुंबई मानवली तुम्हाला.' पुढं रस्ता एका ओढ्यात उतरत होता. ओढ्यावर दगडी फरशी, फरशीवरून घोटाभर पाणी, आणि पलीकडे लगेच खडा चढ. लॉरी खळाळत फरशी ओलांडून चढाला लागली. खलीलनं गिअर बदलला, लॉरी घरघरली, आणि मागून, पाठीतून, काहीतरी लांबलचक सरकल्याचा आवाज आला. मग बाबांची किंकाळी.

खलीलनं कचकन ब्रेक दाबला. केसर केव्हा उतरली, लॉरीच्या बाजूवरून चढून आत केव्हा गेली, तिला कळलं नाही. दोर सुटून सापासारखा पडला होता. इंजिन फळ्यांवरून सरळ मागं आलं होतं, आणि डावीकडच्या तुळईचं टोक, चुकवायला आडव्या वळलेल्या बाबांच्या मांडीवर दाबून होतं. मांडीच्या मागं फळकूट. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. धर्माजी बाजूला फेकला गेला होता, पण धड होता. तो टुणकन खाली उतरला, दगड शोधून त्यानं मागच्या चाकांना लावले आणि परत येऊन तुळईला खांदा लावला. केसरनंही लावला. इंजिन हललं नाही. आठ माणसांचं काम, तेही सपाटीवर. आणि इथे एक म्हातारा होत आलेला कोळी आणि एक मास्तरीण. 'ढकलू नका,' बाबा दातांतून म्हणाले, 'हललं की जास्त चावतं.' फळकुटाच्या कडीतून कर्र आवाज आला. केसरनं तिकडे बघितलं. कडी वाकत होती. ती उघडली की बाबा मागं रस्त्यावर पडणार आणि इंजिन त्यांच्यावर. खलील पुढून ओरडला, 'ताई, मी वर घेतो! जोरात वर काढतो गाडी, माथ्यावर सपाटी हाय, तिथं काढू!'

'नको!' केसर इतक्या मोठ्यानं ओरडली की ओढ्याकाठचे बगळे उडाले. 'पुढं नको! पुढं इंचभरसुद्धा नको!' हे तिनं विचार करून म्हटलं नव्हतं. ते हाडातून आलं होतं. आणि मग विचार आला, एकदम, सगळाच्या सगळा. लॉरी पुढं निघाली तर हा उतार वर पळणार, आणि इंजिन मागं राहू बघणार, आणि मागं बाबांची मांडी. वजन आहे त्याहून जड होणार. लॉरी उभी राहिली तर वजनाचा तो एक तुकडा, उताराच्या बाजूचा, जो सात वर्षं खडूनं काढला, तो आत्ता इथं या मांडीवर बसलाय आणि बसूनच राहणार, कडी तुटेपर्यंत. मग उरलं काय? उतार मागं पळाला तर? खडूचा बाण तिच्या डोळ्यांसमोर थरथरत होता आणि त्याच्या जागी तिला एकाएकी घरचा झोपाळा दिसला, ओटीवरचा, पितळी कड्यांचा. ती सहासात वर्षांची, झोपाळ्याच्या पाटावर पाण्याचं फुलपात्र ठेवून झोके घेतेय, आणि बाबा ओरडताहेत, 'सांडेल गो पाणी!' पाट वर जातो, तिरपा होतो, चांगला तिरपा होतो, आणि फुलपात्र सरकत नाही. पाणी सांडत नाही. उभ्या झोपाळ्याचा पाट तेवढा तिरपा धरला असता तर फुलपात्र केव्हाच खाली आलं असतं. झुलतंय म्हणून राहतंय. सोडलेलं आहे म्हणून राहतंय! पाट, फुलपात्र, पाणी आणि ती, सगळी एकाच घाईनं खाली येताहेत, मग कोण कुणाला ढकलणार? लॉरी जड, इंजिन तिच्याहून हलकं, बाबा त्याहून हलके. उताराला त्याची पर्वा नाही. सुटलं की सगळं एका घाईनं सुटतं. लॉरी पूर्ण सोडली, अगदी पूर्ण, तर इंजिन बाबांवर बसणारच नाही. ते असेल तिथंच असेल, पण त्याचं टेकणं संपेल. चाकं थोडी कुरकुरतील, लॉरी किंचित मागं रेंगाळेल. तर तेलातलं लाकूडही तेवढं कुरकुरतं, ते सांभाळून घेईल. आणि खाली ओढा. ओढ्यापलीकडे पुन्हा चढ. लॉरी तिकडे चढेल, परत येईल, झुलेल. झोपाळाच आहे हा, केवढा मोठा झोपाळा! तिला माहीत होतं की ती हसतेय. थांबवता येत नव्हतं.

'खलील, गाडी न्यूट्रलमध्ये टाक. मी सांगितलं की ब्रेक सोड.'

'काय?'

'ब्रेक सोड. गाडी मागं जाऊ दे. तू फक्त सरळ धर.'

'या अल्ला! ताई, डोकं फिरलं काय? काका मधे हायेत! गाडी जाईल धावत खाली, इंजिन चिरडील त्यांना!'

'नाही चिरडणार. धावत गेली तर नाही चिरडणार. थांबून राहिली तर चिरडेल. ती कडी बघ!' खलीलला कडी दिसत नव्हती, पण तिचा आवाज त्याला ऐकू आला. 'बरं,' तो रडवेला होऊन म्हणाला, 'हळूहळू सोडतो.' 'हळूहळू नको!' केसर पुन्हा ओरडली. 'हळूहळू सोडलास तर काही उपयोग नाही. एकदम सोड. पाय उचलूनच घे. आणि काही झालं तरी, मी सांगेपर्यंत, ब्रेकवर पाय ठेवायचा नाही.' आयुष्यभर ज्या माणसानं उतारावर ब्रेक जपून सोडायचा धडा गिरवला त्याला ती हे सांगत होती. धर्माजीनं तिच्याकडे बघितलं आणि मग बाबांकडे. बाबांनी डोळे मिटले होते. कुणीतरी विचारायला हवं होतं, बाई, तुला नक्की माहीत आहे का. पण तेवढा वेळ नव्हता, आणि कडीतून पुन्हा कर्र आवाज आला.

'धर्माजीकाका, खाली उतरा. मी "हां" म्हटलं की दगड ओढा आणि बाजूला व्हा.' तिनं बाबांच्या बगलेत दोन्ही हात घातले. बाबांच्या अंगाला तंबाखूचा आणि घामाचा वास येत होता, तोच जुना. 'बाबा, ऐका. आत्ता एकदम हलकं वाटेल. वाटलं की पाय ओढायचा. विचार करायचा नाही, ओढायचा.' 'हलकं?' बाबा डोळे न उघडता म्हणाले. 'कशानं गो हलकं?' ती गुडघ्यावर बसली, एक खांदा फळकुटाला लावला, आणि त्या एका क्षणात तिला सबंध जग अगदी स्पष्ट दिसलं. तुळईवरचं तेल चमकत होतं. खाली ओढा वाजत होता. चूक असेल तर बाबा माझ्या हातांत मरतील, ती म्हणाली, मनातच, स्वच्छ शब्दांत. आणि मग म्हणाली, 'हां!'

दगड निघाले. खलीलनं पाय उचलला. लॉरी क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि सुटली. आणि थांबला! तो दाब थांबला! केसरची मनगटं बाबांच्या मांडीला लागून होती. तिथं आत्तापर्यंत जे होतं, दगडासारखं, सतत, ते नाहीसं झालं. इंजिन तिथंच होतं, तुळईचं टोक तिथंच होतं, पण ते नुसतं शेजारी येऊन बसलेल्या माणसासारखं होतं, त्याचं कुणाशी काही वैर नव्हतं. 'ओढा!' ती किंचाळली, आणि तिनं ओढलं, आणि बाबांचा पाय लोण्यातून निघाल्यासारखा निघाला. बापलेक एकमेकांवर कोलमडली आणि कडेला जाऊन पडली. लॉरी मागं धावत होती, वारा उलटा लागत होता, खलील दारातून अर्धा बाहेर लोंबकळत मागं बघत चाक फिरवत होता आणि मोठमोठ्यानं अल्लाचं नाव घेत होता. 'काका सुटले! सुटले!' केसर ओरडली. 'पण ब्रेक लावू नकोस! झुलू दे!' लॉरी फरशीवर आली, पाण्याचे पंखे दोन्ही बाजूंना उडाले, पलीकडच्या चढावर ती पाठमोरी चढली, दमली, थांबली, पुन्हा खाली आली, पुन्हा पाणी. इंजिन आपल्या तेलकट फळ्यांवर जिथल्या तिथं. फुलपात्रासारखं! वर गेलं तरी तिथंच, खाली आलं तरी तिथंच. दर झोक्याला लॉरी थोडी कमी चढत होती, आणि केसर दर झोक्याला हसत होती, मोठ्यानं, लाज सोडून, भिजलेल्या पदरानं तोंड पुसत. मग लॉरी फरशीच्या मधोमध, घोटाभर पाण्यात, आपणहून उभी राहिली.

खलील खाली उतरला आणि पाण्यातच बसला. धर्माजी वरून धावत आला. त्यानं बाबांना पाठीवर घेऊन फरशीच्या कडेला आणून बसवलं आणि मग तो खाली मान घालून रेती भरायला गेला, फळ्यांवर टाकायला. त्याला कुणी बोललं नाही. बाबांनी पाय ओढ्याच्या गार पाण्यात सोडला होता. मांडी काळीनिळी झाली होती, पण बोटं हलत होती. त्यांनी ती पुन्हा पुन्हा हलवून बघितली. केसर शेजारी बसली. आनंद अजून अंगात होता, नळाला पाणी आल्यावर नळ थरथरतो तसा, आणि आता त्या आनंदाची तिला भीती वाटायला लागली होती. हा आनंद कशाचा होता? बाबा सुटले त्याचा, की दाब थांबला त्याचा? पाय निघण्याआधी, अगदी निमिषभर आधी, दाब नाहीसा झाला तेव्हाच ती आनंदानं भरून गेली होती. त्या निमिषात बाबा तिच्या ध्यानात होते का? तिनं आठवून बघितलं आणि तिला आठवायचं नव्हतं.

'तू हसत होतीस,' बाबा म्हणाले.

केसरनं भिजलेल्या पदराचं टोक पिळलं.

'मी डोळे उघडले तवा बघितलं. माझा जीव चालला व्हता आणि तू हसत होतीस.'

'होय,' केसर म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. 'हसत होते, बाबा. बरोबर निघालं म्हणून.'

बाबांनी पाण्यातली बोटं हलवली. 'आणि बरोबर न्हाय निघालं असतं तर?'

पाण्यात बसलेल्या खलीलनं मान वळवून दुसरीकडे बघितलं.

'तर मी तुम्हाला मारलं असतं,' ती म्हणाली.

'म्हंजे तुला पक्कं ठावं व्हतं.'

'होय.'

'किती पक्कं?'

ती विचारात पडली. परीक्षेपुरतं तिला सात वर्षं पक्कं माहीत होतं. ट्राममध्ये त्याहून जास्त. पण आज, त्या लॉरीत, बाबांच्या बगलेत हात घालून 'हां' म्हणताना जेवढं माहीत होतं, तेवढं तिला या जगात दुसरं काहीच कधी माहीत नव्हतं, स्वतःचं नावसुद्धा.

'तुम्हाला पणाला लावण्याइतकं,' ती म्हणाली आणि रडायला लागली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. असं त्यांनी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. बघत असत ते सुपारीच्या रोपाकडे, नवीन फुटलेल्या, हे जगेल की नाही असं. त्यांचे ओठ हलले, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्यांना एकदम हसूच फुटलं. 'खलील!' त्यांनी हाक मारली. 'ऐकलंस काय रं? माझ्या पोरीनं मला पणाला लावला! आणि जिंकला!' खलील पाण्यातून उठून, निथळत, त्यांच्याकडे आला. त्यालाही हसू येत होतं आणि त्याचे दात वाजत होते.

'हे बघ,' बाबा केसरला म्हणाले, तिचा हात ओढून घेऊन आपल्या गुडघ्यावर ठेवत, 'घरी गेल्यावर आयशीला तू काय एक बोलायचं न्हाय. मी सांगणार. सगळ्या गावाला मीच सांगणार. पण मला ते नीट समजायला पायजे. तर सांग आता पयल्यापासनं. माझ्या मांडीवरचं वजन गेलं कुठं?'

केसरनं डोळे पुसले. मग ओली रेती हातानं सारखी केली आणि एक उतार काढला.